हरेल त्यानें द्यावे

प्रत्येक संसारी माणसाचें एक तरी असें ठिकाण असतें कीं, ज्याचा पत्ता तो घरीं स्पष्टपणें सांगत नाहीं. कुणाचें तें जुन्या पुस्तकांचें दुकान असतें, कुणाचें एखादें चहाचें हॉटेल, तर कुणाचा देवळामागचा पार. माझें ठिकाण पुण्यांत, आमच्या पेठेंतल्या लोखंडी सामानाच्या एका दुकानाच्या माडीवर आहे. अरुंद जिना, भिंतीच्या कोपऱ्यांत पानाच्या पिंका, वर काळी कांच लावलेलें दार, आणि दारावर रंग उडालेल्या अक्षरांत ‘पूल व स्नूकर’ एवढेच शब्द. गेलीं अठरा वर्षें आठवड्यांतून निदान चार संध्याकाळीं मी हा जिना चढत आलों आहें. आणि आरंभींचीं कित्येक वर्षें घरीं मात्र ‘जरा पाय मोकळे करून येतों’ असेंच सांगत आलों आहें. एका संध्याकाळींत मी टेबलाभोंवतीं किती फेऱ्या घालतों याचा हिशेब कुणीं केला, तर माझें हें विधान अगदींच खोटें ठरणार नाहीं!

लपवालपवीचें कारण उघड आहे. माझे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या मनांतल्या कोशांत ‘बिलियर्ड’ हा शब्द घोड्यांच्या शर्यतीच्या आणि दारूच्या गुत्त्याच्या मधोमध कोठेंतरी बसविलेला होता. स्नूकर आणि पूल हीं त्याच कुळांतलीं भावंडें, तेव्हां त्यांनाहि तोच मान! त्यांचा राग अगदींच निराधार होता असें मात्र मला म्हणवत नाहीं. कांहीं ठिकाणीं खेळावर पैसे लागतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. शिकवणीची फी खिशांत घालून निघालेले विद्यार्थी वाटेंत या जिन्यावर थबकतात आणि फीसकट वर येतात, हेंहि मला ठाऊक आहे. परंतु ज्यानें हें ठिकाण केवळ खालच्या रस्त्यावरून पाहिलें, त्याला तेथें अठरा वर्षें जाणारा माणूस काय मिळवून येतो, हें कळणें कठीण आहे. तें सांगण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे. त्यांत माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्टहि येणार आहे. पण तिला अजून अवकाश आहे.

दार ढकललें म्हणजे प्रथम अंधारच दिसतो. मग त्या अंधारांत तरंगणारीं हिरवीं बेटें दिसूं लागतात. पुढच्या बाजूस पूलचीं चार लहान टेबलें आणि आंतल्या बाजूस स्नूकरचीं दोन मोठीं. प्रत्येक टेबलावर त्याचा स्वतंत्र दिवा असतो. दिवा लागला कीं भाड्याचें घड्याळ सुरू होतें, आणि विझला कीं थांबतें. त्यामुळें दिव्याच्या उजेडांत फक्त खेळ दिसतो; खेळणाऱ्याचा चेहरा तो टेबलावर वांकल्याशिवाय दिसत नाहीं. उभा राहिला कीं त्याचें डोकें पुन्हां काळोखांत जातें. नव्या माणसाला हें सारें एखाद्या कटाच्या बैठकीसारखें वाटतें. नेहमीं येणाऱ्याला मात्र हा काळोख घरच्या पांघरुणासारखा वाटूं लागतो.

पूलच्या टेबलांपाशीं वर्दळ असते, हंशा असतो. कॉलेजांतलीं मुलें, हल्लीं मुलीहि, अंकांचे आणि पट्ट्यांचे ते पंधरा चेंडू मोठ्या आवाजांत फोडतात आणि त्याहून मोठ्या आवाजांत वाद घालतात. पूलचें टेबल आठ किंवा नऊ फूट लांब. चेंडू अंमळ मोठे, आणि कोपऱ्यांतलीं पॉकेटें सढळ हातानें चेंडू आंत घेणारीं. आंतल्या बाजूचें स्नूकरचें टेबल मात्र सुमारें बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. त्याचे चेंडू लहान, साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचे. पॉकेटांचे ओठ गोलसर वळविलेले, त्यामुळें जरा तिरपा आलेला चेंडू ते ओठांवरच घोळवतात आणि परत पाठवतात. पूलवर चार दिवसांत तरबेज झालेला मुलगा मोठ्या तोऱ्यांत आंतल्या टेबलाशीं येतो. अर्ध्या तासांत त्याचा तोरा उतरतो, आणि तो निमूटपणें एका बाकावर बसून पाहूं लागतो. आमच्यांतले पुष्कळसे नेहमींचे खेळाडू असेच त्या बाकावरून तयार झाले आहेत. मीहि त्यांपैकींच एक.

टेबल हा शब्द आपण जेवणाच्या मेजालाहि वापरतों, म्हणून या वस्तूची योग्यता लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. त्या हिरव्या लोंकरी कापडाखालीं लांकूड नसून पाटीचा दगड असतो. मोठ्या टेबलांत त्याच्या पांच लाद्या शेजारीं शेजारीं बसवितात, आणि सगळें मिळून टेबलाचें वजन एका टनाच्या वर जातें. त्यावरच्या कापडाला लव असते, आणि ती एकाच दिशेनें, ज्या टोंकाकडून खेळ सुरू होतो तेथून काळ्या चेंडूच्या टोंकाकडे, वळविलेली असते. चेंडू जोरानें मारला तर तो या लवेला जुमानत नाहीं. पण हळुवार सोडला, कीं शेवटच्या हातभर अंतरांत ती त्याला आपल्याकडे किंचित ओढते. म्हणून आमचा मार्कर कापड ब्रशानें झाडतो तें त्याच दिशेनें, आणि एक भली जड इस्त्री फिरवतो तीहि त्याच दिशेनें. रविवारीं सकाळीं तो इस्त्री करीत असतांना मीं त्याला पाहिलें आहे. लग्नाच्या शालूलासुद्धां कुणी इतक्या मायेनें इस्त्री करीत नसेल.

पावसाळा आला म्हणजे हें कापड ओल धरतें. मग टेबल ‘जड’ झालें असें आम्ही म्हणतों. वैशाखांत जो चेंडू टेबलाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सहज जाऊन परत येई, तो आषाढांत वाटेंतच दम टाकतो. नवखा माणूस यावर आपल्या काठीला दोष देतो. नेहमींचा माणूस पहिल्या दोन फटक्यांतच हवा ओळखतो आणि हात बदलतो. पुढें पुढें तर प्रत्येक टेबलाचा स्वभाव त्याला पाठ होतो. आमच्या दोन टेबलांपैकीं खिडकीजवळचें टेबल डाव्या बाजूच्या मधल्या पॉकेटाकडे अगदीं केसभर कललेलें आहे. ही गोष्ट पांच-सहा माणसांनाच ठाऊक आहे, आणि आम्हीं ती आजवर घराण्याच्या औषधासारखी गुप्त ठेवली आहे!

पावसाचा आणि या खेळाचा संबंध तसा जुनाच म्हणावा लागेल. स्नूकर हा खेळ जन्मला तो आपल्याच देशांत, जबलपूरला. १८७५ सालच्या पावसाळ्यांत बाहेर पडतां येईना, म्हणून तेथील छावणींतले इंग्रज अधिकारी बिलियर्डच्या टेबलाभोंवतीं वेळ काढीत बसले होते. त्यांतल्या नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें तांबड्या चेंडूंच्या जुन्या खेळांत निरनिराळ्या रंगांचे आणखी चेंडू मिसळले, अशी हकीकत सांगतात. (पुढें इंग्लंडचे पंतप्रधान झालेले त्या नांवाचे गृहस्थ निराळे.) ‘स्नूकर’ हा शब्द तेव्हां लष्करी शाळेंतल्या नवशिक्या विद्यार्थ्याला उद्देशून वापरीत. एका सोबत्याचा सोपा फटका चुकला, तेव्हां चेंबरलेननें त्याला थट्टेनें तें नांव ठेवलें, आणि मग तें खेळालाच चिकटलें. १८८२ सालीं उटकमंडच्या क्लबांत या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. म्हणजे या खेळाचें नांवच मुळीं ‘नवशिका’! अठरा वर्षें खेळूनहि हें नांव मला अजून लागू पडतें, हें मी कबूल करतों.

आमच्या पुण्याचेंहि या हिरव्या कापडाशीं जुनें नातें आहे. १९२२ सालीं पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास आणि पुन्हां १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी बिलियर्ड-खेळाडूंचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. पुढच्या पिढींतला पंकज अडवाणी वाढला बंगलोरला, परंतु त्याचाहि जन्म १९८५ सालीं पुण्यांतलाच. ही माहिती मीं एकदां वडिलांना मोठ्या उमेदीनें सांगितली होती. त्यांनीं वर्तमानपत्रांतून डोळे वर न काढतां विचारलें, “आणि तूं कुठलें अजिंक्यपद मिळवलेंस?” त्यानंतर मीं हा विषय त्यांच्याजवळ पुन्हां काढला नाहीं.

खरें म्हणजे वडिलांच्या प्रश्नाला उत्तर होतें, पण तें त्या वेळीं मला सुचलें नाहीं. नेहमींचा खेळाडू अजिंक्यपदासाठीं तेथें जातच नाहीं. मग तो कशासाठीं जातो? माझ्या समजुतीप्रमाणें तो अशासाठीं जातो कीं, दिवसभरांत दुसऱ्या कोठेंहि त्याला इतका स्वच्छ निकाल मिळत नाहीं. कचेरींत काम बिघडलें, तर तें वरच्यानें बिघडवलें कीं खालच्यानें, हें शेवटपर्यंत कळत नाहीं. घरांत एखादी गोष्ट चुकली, तर ती कुणाची चूक यावर आठ दिवस मतभेद चालतात. टेबलावर मात्र चेंडू थांबलेला असतो, वेळ हवा तेवढा असतो, हाताला कुणी धक्का देत नाहीं. आणि तरीहि चेंडू जेव्हां पॉकेटांत न जातां ओठावरून माघारीं येतो, तेव्हां दोष द्यायला जगांत एकच माणूस शिल्लक राहतो. कडू असला तरी हा निकाल मनाला कोठेंतरी शांत करतो. मीं कित्येक थकलेलीं माणसें त्या जिन्यावरून हरून हंसत उतरतांना पाहिलीं आहेत.

तेथलीं माणसेंहि पाहण्यासारखीं. खालचा दुकानदार रोज आठ वाजतां शटर ओढून वर येतो आणि बरोबर एक डाव खेळून जातो. एक तरुण डॉक्टर आहे. त्याचा हात पाहून आम्हांला त्याच्या रोग्यांबद्दल भरंवसा वाटतो. एक रिक्षावाला आहे. त्याच्याइतके तिरपे चेंडू आमच्यांत कुणालाच लागत नाहींत, बहुधा पेठेंतल्या वळणांची ती पुण्याई असावी. एक मुलगी कॉलेज सुटल्यावर येते. पहिल्या महिन्यांत पूलच्या टेबलांवरचे सारे डोळे तिच्याकडे लागत; आतां तिच्याशीं खेळायची वेळ आली कीं तेच डोळे जमिनीकडे वळतात. आम्ही एकमेकांचा डावा हात, लाडका फटका आणि घाबरण्याची वेळ ओळखतों. आडनांवें मात्र आम्हांला ठाऊक नसतात. जात, पगार, घर भाड्याचें कीं मालकीचें, हे प्रश्न या माडीवर कुणी विचारीत नाहीं. पुण्यांत हें केवढें आश्चर्य, तें पुणेकरांना सांगायला नको.

कुणी चांगला फटका मारला तर टाळ्या वाजत नाहींत. बघणारा आपल्या काठीचा बुंधा जमिनीवर हलकेच आपटतो. ‘टक्’ असा तो एवढासा आवाज; पण तो ऐकण्यासाठीं माणूस महिनाभर झुरतो. चुकून, नशिबानें एखादा चेंडू गेला, तर ज्याचा गेला त्यानें हात वर करून क्षमा मागायची. आणि एक गोष्ट तेथें सगळ्यांत मोठी. आमच्याकडे पंच नाहीं. मार्कर फळ्यावर गुण मांडतो, चहा सांगतो, दिवे लावतो आणि विझवतो. पण सहा टेबलांवर नजर ठेवणें त्याला शक्य नाहीं, आणि तें त्याचें कामहि नाहीं. बाही चेंडूला लागली, काठीचें टोंक पांढऱ्या चेंडूला नकळत टेकलें, तर तें ज्याच्याकडून झालें त्यानें आपण होऊन उभें राहायचें आणि ‘फाऊल’ म्हणायचें. समोरच्याला निदान चार गुण जातात, रंगाप्रमाणें सातपर्यंतहि जातात, आणि पाळी जाते ती निराळीच. भिंतीवर मालकानें रंगवलेला नियम एकच: ‘हरेल त्यानें द्यावे’. म्हणजे टेबलाचें भाडें. पण हरलें कोण, हें ठरवणारा कायदा भिंतीवर नाहीं. तो खेळणाऱ्यांनीं आपापल्या बरोबर आणायचा असतो.

आतां ती लाजिरवाणी गोष्ट.

आमच्यांत एक वृद्ध गृहस्थ येत. रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, अंगावर बारा महिने पांढरा सदरा, आणि चष्मा नाकाच्या अगदीं टोंकावर. सगळेच त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा फटका कधींच जोराचा नसे. चेंडूला जणुं ते समजावून सांगत आणि मग तो जाई. माझ्यासारख्या दहा-बारा जणांना त्यांनीं विनामूल्य शिकवलें होतें, आणि तरीहि खेळतांना आमच्यांतल्या कुणालाच त्यांनीं एक गुणहि सोडला नव्हता. मीं त्यांना पुरत्या चार वर्षांत एकदांहि हरवलें नव्हतें.

डिसेंबरचे दिवस होते. त्या रात्रीं माझा हात कधीं नव्हे असा चालला होता. तांबडे पंधराहि संपले, पिवळा, हिरवा, तपकिरी गेले. टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा एवढे तीनच रंगीत चेंडू राहिले. म्हणजे पांच, सहा आणि सात मिळून अठरा गुण. मी बावन्न, अण्णा एकोणपन्नास. पाळी माझी. निळा चेंडू दूर होता, आणि त्याच्यापर्यंत पोंचण्यासाठीं मला टेबलावर पार आडवें व्हावें लागलें. माझ्या कोपराशेजारीं गुलाबी चेंडू होता. थंडीमुळें मीं अंगांत स्वेटर घातला होता. फटका मारण्यापूर्वीं मी हात सरसा केला, आणि बाहीची लोंकर त्या गुलाबी चेंडूला लागली. चेंडू हलला. फार नाहीं, तांदुळाच्या दाण्याएवढा. पण हलला.

मीं थांबायला हवें होतें. थांबलों असतों तर अण्णांना सहा गुण मिळाले असते. ते पंचावन्न, मी बावन्न, आणि पाळी त्यांची. हा हिशेब माझ्या डोक्यांत त्या अर्ध्या क्षणांत पूर्ण झाला होता, म्हणून ‘मला कळलेंच नाहीं’ असें म्हणण्याची सोय मला नाहीं. मीं निळा मारला. तो सुरेख गेला. बाकावरून ‘टक्’ असा आवाज आला.

पुढें मीं गुलाबी चुकवला, तो अण्णांनीं घेतला. मी सत्तावन्न, ते पंचावन्न, आणि टेबलावर एकटा काळा चेंडू! दोघांनींहि त्याला चार वेळां लपवला, आणि शेवटीं तो माझ्या हातून गेला. चार वर्षांत प्रथमच मी अण्णांना हरवलें होतें. त्यांनीं नेहमींप्रमाणें हात पुढें केला, “छान खेळलास” म्हणाले, आणि गल्ल्यापाशीं जाऊन दीड तासाचें भाडें आणि दोन चहांचे पैसे मोजून दिले. सुटे नव्हते म्हणून ते सदऱ्याचे दोन्ही खिसे चांचपीत उभे होते, हें चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. झोंप उत्तम लागली. दुसऱ्या दिवशीं मीं कचेरींत दोघांना माझा पराक्रमहि सांगितला. माणसाचें मन या बाबतींत फार सोयीस्कर असतें. चेंडू एवढासाच हलला. जागा कांहीं बदलली नाहीं. तो हलला नसता तरी निळा गेलाच असता. अण्णांनीं मला कितीदां हरवलें आहे! एक ना दोन, अशा दहा सबबी मीं माझ्या पदरीं बांधल्या, आणि त्यांच्या बळावर आठवडाभर सुखानें हिंडलों.

आठव्या दिवशीं अण्णांशीं पुन्हां डाव पडला. तोहि रंगला, आणि तोहि काळ्या चेंडूपर्यंत आला. या वेळीं ते चार गुणांनीं पुढें होते आणि पाळी त्यांचीच होती. काळा चेंडू कोपऱ्यांतल्या पॉकेटासमोर असा बसला होता कीं, पूलच्या टेबलावरच्या पोरानेंहि तो घेतला असता. अण्णा वांकले. त्यांची काठी दोनतीन वेळां मागें-पुढें झाली, आणि एकाएकीं ते सरळ उभे राहिले.

“लागली,” ते म्हणाले.

मी त्यांच्या समोरच, चार फुटांवर उभा होतों. मीं कांहींहि पाहिलें नव्हतें. पांढरा चेंडू हललेला नव्हता. बाकावरच्या डॉक्टरनेंहि मान हलवून ‘नाहीं’ म्हटलें. अण्णांनीं चष्मा काढून पुसला आणि मार्करला म्हणाले, “काळा होता ना? सात लिही त्याचे.” सात गुण माझ्या नांवावर चढले. मी तीन गुणांनीं पुढें गेलों आणि नियमाप्रमाणें डाव तेथेंच संपला. एकटा काळा उरला असतां जो पुढें, तो जिंकला. अण्णांनीं हात पुढें केला, “छान खेळलास” म्हणाले, आणि गल्ल्याकडे वळले.

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरलों. खालच्या पायरीशीं त्यांना गांठलें, आणि सांगून टाकलें: बाही, गुलाबी चेंडू, तांदुळाचा दाणा, सगळें. बोलतांना माझा घसा कोरडा पडला होता. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, “मला ठाऊक आहे. मीं पाहिलें होतें.”

“मग अण्णा, तुम्ही त्याच वेळीं बोललां कां नाहीं?”

“तें सांगणें तुझें काम होतें,” ते म्हणाले. “माझें नव्हे.”

मीं खिशांतून त्या दिवसाचे पैसे काढले. त्यांनीं माझा हात धरून खालीं केला. “पैसे कसले? मार्करच्या वहींत मी हरल्याची नोंद आहे. ती राहूं दे. तुला आठवण राहील.” आणि रस्ता ओलांडून ते शांतपणें निघून गेले.

त्यांचा तो शेवटचा फाऊल खरा होता, कीं माझ्यासाठीं केलेला होता, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. काठीचें चामड्याचें टोंक चेंडूला टेकलें, तर तें फक्त हाताला कळतें. डोळ्याला दिसेलच असें नाहीं. अण्णा खोटें बोलणारे नव्हते, आणि खेळांत दान देणारे तर त्याहून नव्हते. तेव्हां तो खराच असावा. पण तो खरा होता म्हणूनच माझें अधिक ओझें झालें. त्यांनीं मला धडा शिकवायला तसें केलें असतें, तर मीं त्यांना मनांतल्या मनांत गुरु म्हणून नमस्कार केला असता आणि मोकळा झालों असतों. त्यांनीं मात्र रोजच्या संवयीप्रमाणें वागण्यापलीकडे कांहींच केलें नव्हतें.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत सगळ्यांचींच दारें बंद झालीं, तसें आमचेंहि झालें. पुढें कित्येक महिने त्या टेबलांवर चादरी पसरलेल्या होत्या. दार पुन्हां उघडलें तेव्हां पूलचीं दोन टेबलें विकलीं गेलीं होतीं, पण स्नूकरचीं दोन्ही जागेवर होतीं. अण्णांचे डोळे आतां अधू झाले आहेत, ते खेळत नाहींत. मधून मधून कुणाच्या तरी आधारानें जिना चढून येतात आणि बाकावर बसून केवळ आवाज ऐकतात. चेंडू पॉकेटाच्या मधोमध गेला कीं ओठाला घासून गेला, हें त्यांना आवाजावरून कळतें. चांगला फटका झाला कीं हातांतली चालायची काठी ते जमिनीवर आपटतात. ‘टक्’.

गेल्या महिन्यांतली गोष्ट. पूलच्या बाजूचा एक मुलगा हल्लीं स्नूकरकडे वळला आहे. वीस-एकवीस वर्षांचा, हात मोठा गोड; मला ‘काका’ म्हणतो. परवां त्याच्याशीं डाव शेवटच्या तीन चेंडूंवर आला होता. तो टेबलावर आडवा झाला, आणि त्याच्या मनगटावरचा दोरा तपकिरी चेंडूच्या जागीं उभ्या असलेल्या काळ्या चेंडूला लागून गेला. मीं पाहिलें. त्यानें क्षणभर डोळे वर केले, आणि मीं पाहिलें आहे हें त्यानें पाहिलें. मग त्यानें फटका मारला. चेंडू गेला.

माझ्या जिभेवर शब्द आला होता, आणि मीं तो गिळला. डाव मी हरलों. “छान खेळलास” म्हणालों, गल्ल्यापाशीं गेलों, आणि भाडें आणि दोन चहांचे पैसे मोजून दिले. मार्करनें वहींत माझें नांव लिहिलें. बाकावर अण्णा बसले होते. त्यांना तें कळलें असेल कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. दोऱ्याचा आवाज होत नाहीं.

तेव्हांपासून मी रोजच्या रोज वर जातों. घरीं आतां कांहीं लपवावें लागत नाहीं, उलट बायको विचारते, “इतकें हरून येतां, तर जातां तरी कशाला?” तिला काय सांगावें? तो मुलगा रोज येतो, माझ्याशीं खेळतो, जातांना ‘येतों, काका’ म्हणतो. जिन्याच्या खालच्या पायरीशीं मी जरा रेंगाळतों. अजून तो कांहीं बोललेला नाहीं. मलाहि आठ दिवस लागले होते, आणि तेहि अण्णांसारखा माणूस समोर असतांना; तेव्हां त्याला घाई करण्याचा मला अधिकार नाहीं.